लाल औषधाची पंगत

कॅन्सरच्या क्लिनिकमध्ये काम करायचे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी चेहरा पाडतो, मग आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कसं गं सहन व्हायचं तुला?" आता त्याला कसं सांगणार, की आम्ही तिथे दिवसातून दोनतीनदा तरी पोट धरून हसायचो! आमच्याकडे औषधं संपायची, सलाईनच्या बाटल्या संपायच्या, वीज तर जायचीच जायची. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. उलट औषध जितकं कमी, तितके किस्से जास्त. आज लिहायला बसले तर कुठला आधी सांगू असं झालंय.

हे सगळं दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्या-उन्हाळ्यातलं. वसई स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं क्लिनिक होतं. चार खुर्च्या, एक पलंग, एक फ्रिज. माणसं तीन: डॉक्टर, मंदा सिस्टर आणि मी. मी फार्मासिस्ट. राहायला विरारला, बोळिंजमध्ये. घरी अडीच वर्षांची सई, तिला सांभाळणाऱ्या सासूबाई, मुंबईत नोकरी करणारा नवरा आणि माझी काळजी. काळजी ही आमच्या घरातली पाचवी मेंबर. एकदा मी गॅस बंद केलाय की नाही ते बघायला रिक्षास्टँडवरून परत घरी गेले होते. गॅस बंद होता. दारच उघडं राहिलं होतं!

अशा बाईच्या हातात कॅन्सरची औषधं. मला स्वतःलाच कधीकधी भीती वाटायची.

तर त्या वर्षी आमचं एक औषध बाजारातून गायब झालं. नाव लांबलचक आहे, रंग लालभडक, म्हणून क्लिनिकमध्ये सगळे त्याला नुसतं 'लाल' म्हणायचे. तेव्हा लालवर तिघं होते: पापडीच्या ॲग्नेस मावशी, अर्नाळ्याचे पाटील काका आणि शाळेत शिकवणाऱ्या कुलकर्णी मॅडम.

मावशींची केळीची वाडी होती. छातीतली गाठ काढून झाली होती आणि त्यानंतर दर एकवीस दिवसांनी लालचे सहा डोस घ्यायचे होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मध्ये खंड पडला तर केलेल्या ऑपरेशनवर पाणी. सहाच्या सहा, वेळेवर."

"सहा म्हणजे सहा," मावशी म्हणाल्या.

दुसरा डोस झाला आणि लाल बंद झालं.

*

मी मुंबईच्या होलसेलरला फोन लावला.

"बेन, माल नथी."

"कधी येईल?"

"ऊपर से ही नहीं है."

दुसऱ्या दिवशी परत फोन. ऊपर से नहीं है. तिसऱ्या दिवशी परत. सात दिवस मी त्या माणसाला सकाळ-संध्याकाळ विचारत होते, ऊपर म्हणजे नक्की कुठे, तिथे काय झालंय, कोणाशी बोलता येईल का. आठव्या दिवशी तो रडवेला झाला. म्हणाला, "बेन, ऊपर मतलब भगवान नहीं, कंपनी! और वो भी फोन नहीं उठाती!"

बाकी होलसेलर तेच सांगत होते. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातही जपून वापरणं चाललं होतं, आणि तिथल्या रांगेत नंबर लागेपर्यंत एकवीसाचे चाळीस दिवस झाले असते. लालच्या जागी चालणारं एक औषध होतं, ते आमच्या पेशंटना परवडणारं नव्हतं आणि परवडलं असतं तरी मिळत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आपल्याकडे किती आहे?"

मी फ्रिज उघडून कुप्या मोजल्या. अकरा. परत मोजल्या. अकरा. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मंदा सिस्टर मागून म्हणाली, "चौथ्यांदा पण मोज गं. कदाचित वाढतील!"

*

लालची कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. उरलं तर टाकून द्यायचं. मावशींना लागायची दीड कुपी, पाटील काकांना दीड, कुलकर्णी मॅडम अंगाने बारीक, त्यांना एक. मावशी यायच्या मंगळवारी, काका गुरुवारी. म्हणजे मंगळवारी अर्धी कुपी फेकायची आणि गुरुवारी परत अर्धी. सुकाळात हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगते. मी डबा भरत होते. सासूबाईंनी नारळ फोडला आणि म्हणाल्या, "आज सोलकढी, भाजीत खोबरं आणि उरलेल्याच्या वड्या. नारळ फोडला की त्या दिवशी सगळं नारळाचंच करावं, उद्यावर ठेवलं की खवट होतं."

मी डबा तसाच ओट्यावर ठेवून पळाले. डबा राहिला तो राहिलाच!

क्लिनिकमध्ये पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सांगितलं, तिघांना एकाच दिवशी बोलवू. एकाची कुपी फोडली की उरलेलं लगेच दुसऱ्याला. पाचाऐवजी चारात भागेल. एकदोन दिवस इकडेतिकडे करून तिघांचे वार जुळवता येतील का?

डॉक्टर कागदावर काहीतरी करत बसले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "जुळतात. मॅडम, हे कुठल्या जर्नलमध्ये वाचलंत?"

आता खोटं बोलायचं की खरं? मला खोटं कधी जमलं नाही.

"नारळात," मी म्हटलं.

*

अशी आमची मंगळवारची पंगत सुरू झाली. नाव पाटील काकांनी दिलं. काका कोळी, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. पहिल्या मंगळवारी तिघं तीन खुर्च्यांवर ओळीने बसले, सिस्टर एप्रन बांधून, ग्लोव्हज घालून लाल भरलेली सिरिंज घेऊन आली आणि काका ओरडले, "आली वाढपी! आधी बाईंना वाढा, आपन मागून!"

मी आतल्या खोलीत प्रत्येकाचा डोस वेगवेगळ्या नव्या सिरिंजमध्ये भरत होते. मावशींचा भरून झाला, अर्धी कुपी उरली, ती काकांच्या सिरिंजमध्ये. सगळं काचेआड, सगळं नियमाने. पण कुलकर्णी मॅडम काचेतून बघत होत्या. त्या एकदम ताठ झाल्या.

"म्हणजे ह्यांचं उरलेलं ह्यांना? हे उष्टं नाही का झालं?"

मी घाबरले. निर्जंतुक, बंद कुपी, नवी सुई असं काहीबाही समजावायला लागले. माझं समजावणं म्हणजे समोरच्याची शंका वाढवणं. मॅडमचा चेहरा अधिकच आंबट व्हायला लागला.

मंदा सिस्टरने मान वर न करता सांगितलं, "बाई, ताटातलं उष्टं असतं. पातेल्यातलं नाही."

मॅडमनी हात पुढे केला.

*

माझी एक भीती मात्र खरी होती. लाल अंगावर सांडलं तर कातडी जाळतं. मी घरी गेले की आधी अंघोळ, मग सईला हात. ती दारात हात पसरून उभी असायची आणि मी तिला चुकवून बाथरूममध्ये पळायचे. विरारला पाणी टँकरचं, अंघोळीला एक बादली. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात सगळ्यात जास्त पाणी तुझ्या शंकेला लागतं."

एका मंगळवारी अंघोळ करून आले, सईला उचललं, आणि दोरीवर टाकायला ओढणी हातात घेतली तर तिच्यावर लाल डाग! चांगला रुपयाएवढा! म्हणजे औषध सांडलं. म्हणजे मी येताना ती ओढणी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणजे आल्या आल्या सईने ती ओढली होती. मी सईचे हात साबणाने पाच वेळा धुतले, ओढणी पिशवीत घातली, पिशवी आणखी एका पिशवीत, आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आज पंगतीला किती कुप्या फोडल्या?"

"चार."

"तिघांना मिळून किती गेलं?"

"चार."

"मग मॅडम, तुमच्या ओढणीला द्यायला आपल्याकडे उरलं होतं कुठे?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, सोलकढीचा डाग आहे तो. दुपारी सईने सांडली, मी तुझ्या त्याच रंगाच्या घरच्या ओढणीने पुसली. धुवायला टाकायची राहिली आणि संध्याकाळी तुझ्या कपड्यांवर येऊन पडली."

सईचे हात मात्र त्या दिवशी इतके स्वच्छ होते की विचारू नका!

*

टंचाई आली की मागोमाग बॅगवाले येतात. असाच एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात ब्रीफकेस. ब्रीफकेस उघडली तर आत लालच्या वीस कुप्या! आमचे डॉक्टर तसे शांत गृहस्थ, पण ते खुर्चीतून उठले. सिस्टरने तर हातच जोडले. मला वाटलं आता रडूच येणार. मावशींचे राहिलेले सगळे डोस त्या एका ब्रीफकेसमध्ये होते.

"मॅडम, आजच घ्या. उद्या शिल्लक राहणार नाहीत," तो म्हणाला.

मी एक खोका उचलला. बॅच नंबर वाचला. आतली कुपी काढली. बॅच नंबर वाचला. परत खोका वाचला. परत कुपी.

दुसरा खोका. परत तेच.

"मॅडम, एवढं काय बघता?"

खोक्यावर एक नंबर होता आणि कुपीवर दुसरा. वीसच्या वीस कुप्यांवर! मला आधी वाटलं, मीच चुकत असेन. मग सिस्टरला वाचायला दिलं. मग डॉक्टरांना. ते वाचेपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागायची तयारी करत होते.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली, ब्रीफकेसमध्ये परत ठेवली आणि फोनकडे हात नेला. "औषध खात्याचा नंबर द्या जरा, मॅडम."

तो माणूस ब्रीफकेस मिटता मिटता माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही फार शंका घेता हो."

"हो," मी म्हटलं, "घरचेही तेच म्हणतात."

जिना उतरताना त्याच्या चकचकीत बुटांचा आवाज खालच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. त्या दिवशी डॉक्टरांनी मला पहिल्यांदाच स्वतः चहा करून दिला. फार वाईट होता. मी दोन कप प्याले!

*

मध्येच मावशींचं वजन घटलं. डोस उंची आणि वजनावर ठरतो, म्हणून दर पंगतीला वजन करायचो. चौथ्या डोसच्या वेळी काटा तीन किलो खाली. सिस्टरने विचारलं, उलट्या होतात का, भूक जाते का. मावशी चपला घालायला लागल्या. शेवटी त्यांचे यजमान म्हणाले, "उपासकाळ चालू आहे ना. ही एक वेळच जेवते."

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मावशींनी आयुष्यात कधी मोडले नव्हते.

"आणि बाय," मावशी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "मी बारीक झाले की मला औषध कमी लागेल ना? उरेल ते पाटलांना होईल."

पंगतीचं गणित मीच त्यांना समजावून सांगितलं होतं! मला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं.

डॉक्टर मात्र कडाडले. "बाई, तुम्ही अर्ध्या झालात तर औषध अर्धं लागेल, कबूल. पण मग बरं करायचं कोणाला?"

मावशी ऐकेनात. देवाला दिलेला शब्द तो. तेव्हा डॉक्टरांनी थेट त्यांच्या चर्चमध्ये फोन लावला. तासाभरात फादर सायकलवरून हजर! हातात स्टीलचा डबा. त्यांनी डबा उघडला, त्यात सहा उकडलेली अंडी.

"ॲग्नेस, आजाऱ्याला उपास माफ आहे. हे मी नाही म्हणत, चर्च म्हणतं."

"पण फादर, गुड फ्रायडेला तरी?"

"त्या दिवशी एक कमी खा."

आणि ते खुर्ची ओढून समोर बसले. मावशी खाईपर्यंत उठले नाहीत. मग रोज कोणी ना कोणी डबा घेऊन पापडीतल्या त्या घरी जायचं म्हणे. पाचव्या डोसच्या वेळी काटा चार किलो वर! मी हिशेब केला, डोस पूर्वीपेक्षाही थोडा वाढला होता. नेमके तेव्हा फादर विचारपूस करायला जिना चढून आले होते.

मंदा सिस्टर त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फादर, तुमच्या अंड्यांनी आमचं दोन मिलिग्रॅम लाल खाल्लं!"

*

बर्फाचं राहिलंच की. एप्रिल. लोडशेडिंग चार तासांचं, त्या दिवशी सात तास झाले तरी वीज येईना. लाल फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. आमच्याकडे तेव्हा सहा कुप्या होत्या, त्यातल्या दोन मी भाईंदरहून आणि एक पालघरहून हातापाया पडून आणलेली. मी फ्रिजला पाठ लावून बसले, कोणी दार उघडू नये म्हणून. सिस्टर म्हणाली, "अंडी उबवतेयस का?"

पाटील काका रक्त तपासायला आले होते. त्यांनी खालच्या दुकानातून घरी फोन केला. अर्ध्या तासात पाटील काकी रिक्षातून उतरल्या, डोक्यावर थर्माकोलचा खोका. अर्नाळ्याच्या बर्फाच्या कारखान्यातला ताजा बर्फ! मी कुप्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बर्फाला थेट टेकू नयेत म्हणून मध्ये टॉवेल घातला, टॉवेल आणि कुप्यांच्या मध्ये माझी काळजी घातली, आणि खोका बंद केला.

कुप्या वाचल्या. फक्त त्या खोक्यातून आदल्या दिवशीपर्यंत पापलेट जायची. दुसऱ्या दिवशीच्या पंगतीला सगळ्या क्लिनिकमध्ये असा वास सुटला की कुलकर्णी मॅडमनी नाकाला पदर लावला तो खाली काढलाच नाही. त्यांचा तो शेवटचा डोस. त्यांनी जाताना मला सांगितलं, "मी बरी झाले की पहिलं काम, हा वास विसरणार!"

पाटील काका मात्र खुर्चीत सरळ होऊन बसले. तोंडाची चव गेल्यामुळे दोन महिने त्यांना अन्न नकोसं झालं होतं. त्यांनी डोळे मिटून दोनदा श्वास घेतला आणि काकींना म्हणाले, "अगो, भूक लागली!"

काकी तिथेच रडायला लागल्या. मग आम्ही सगळ्याच.

*

आता शेवटचा. हा मी कितीही वेळा सांगितला तरी मला स्वतःलाच खरा वाटत नाही.

मावशींचा सहावा डोस आला. पंगतीला आता दोघंच, मावशी आणि काका. दोघांना मिळून तीन कुप्या हव्या. फ्रिजमध्ये दोन. मी मोजल्या, किती वेळा ते विचारू नका.

माझे गुजरातच्या सीमेपर्यंतचे सगळे फोन करून झाले होते. राहिलं होतं एकच क्लिनिक, सगळ्यात जवळचं: नालासोपाऱ्याचं. तिथे मी कधीच फोन केला नव्हता, कारण तिथले डॉक्टर आणि आमचे डॉक्टर नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच कॉलेजचे, हॉस्टेलला एकाच खोलीत राहिलेले. पुढे एका कॉन्फरन्समध्ये आमच्या डॉक्टरांची स्लाइड उलटी लागली, भरल्या हॉलमध्ये हशा पिकला, आणि प्रोजेक्टरपाशी होते नालासोपाऱ्याचे डॉक्टर. मुद्दाम की चुकून, यावर नऊ वर्षं गेली. एकाचा पेशंट दुसऱ्याकडे गेला तर चिठ्ठीवर नुसतं 'संबंधित डॉक्टरांस' असं लिहायचे!

सोमवारी मी हिय्या करून तिथल्या फार्मासिस्टला फोन केला. ती कुजबुजली, "आहेत गं. पण सरांना तुमच्यासाठी विचारायला मी नाही जाणार."

मी फोन ठेवला. आमच्या डॉक्टरांना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी वाक्यं जुळवत राहिले. समोर मावशी तपासणीचं रक्त द्यायला येऊन बसल्या होत्या, माझ्यासाठी आणलेली केळी टेबलावर ठेवत होत्या.

"काय झालं, बाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. सगळं, स्लाइडसकट. सांगायला नको होतं, पेशंटला असं कोणी सांगतं का? मावशींनी ऐकलं, पदर सारखा केला आणि गेल्या.

मंगळवार उजाडला. नऊ वाजता पंगत. काका आले, मावशी नाहीत. पाच डोसांत त्या एक मिनिट उशिरा आल्या नव्हत्या. सव्वानऊ. डॉक्टर दोन कुप्यांकडे बघत बसले होते. कोणाला पूर्ण द्यायचं आणि कोणाला एका आठवड्याने, हे त्यांना ठरवायचं होतं.

काकाच बोलले. "बाईंना द्या, डॉक्टर. त्यांचा शेवटचा आहे. मी थांबतो."

साडेनऊ. मावशी नाहीतच. मी तोवर मनात दोन अपघात आणि एक हार्ट अटॅक घडवून आणला होता. मी सांगितलं म्हणून त्यांनी धीर सोडला असणार. त्या येणारच नाहीत. माझ्यामुळे!

तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. मी खिडकीतून वाकून बघितलं. स्कूटरवर नालासोपाऱ्याचे डॉक्टर. आणि मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बर्फाचा डबा घट्ट धरून, ॲग्नेस मावशी!

दोघं जिना चढून वर आले. आमचे डॉक्टर दारात येऊन थबकले. भांड्यांच्या दुकानात काहीतरी पडलं, त्याचा आवाज संपेपर्यंत आम्ही सगळे तो ऐकत उभे.

मग नालासोपाऱ्याचे डॉक्टर भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्या बाई सकाळी साडेसहाला माझ्या पायरीवर येऊन बसल्या. मी म्हटलं, ओपीडी दहाला उघडते. तर म्हणाल्या, 'मी तपासायला नाही आले. आज एक काहीतरी मोडणार आहे, डॉक्टर. माझा सहावा, नाहीतर तुमचं भांडण. मला सहा म्हणून सांगितलंय.'"

मावशी तोवर आपल्या खुर्चीत बसून बाही वर करत होत्या.

"एक मागितली होती," ते म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला. "तीन आहेत."

मी खोका वाचला. कुपी वाचली. परत खोका. दोन्ही डॉक्टर उभे.

"ह्या नेहमी असंच करतात?" नालासोपाऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नेहमी," आमचे डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षांतला पहिला शब्द! मग घसा साफ करून पुढचा. "चहा?"

"बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. शुगर आहे."

"अरे, मग कळवायचं नाही का!"

मी आत जाऊन डोस भरले. सिस्टरने सलाईन लावलं, सिरिंज हातात घेतली. एका बाजूला आमचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नालासोपाऱ्याचे. दोघांच्या हातात चहाचे कप, दोघंही ताठ, श्वास रोखून त्या लाल थेंबांकडे बघतायत.

मावशींनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बसा की दोघं," त्या म्हणाल्या. "सुई मला टोचलीय!"